डांबराचा डाग

उन्हाळ्याच्या दिवसांत, नव्याने डांबर घातलेल्या रस्त्यावरून मोटार गेली की तिच्या चाकांमागच्या पत्र्यावर, दारांच्या खालच्या कडेला आणि मडगार्डाच्या पोटाशी काळ्या ठिपक्यांची एक रांग उमटते. हे ठिपके पाण्याने जात नाहीत, साबणाला दाद देत नाहीत आणि नखाने खरवडावयास जावे तर रंगाचा टवका घेऊनच निघतात. आज आपल्याशी बोलावयाचे आहे ते या ठिपक्यांविषयी. विषय क्षुल्लक आहे असे काही श्रोत्यांना वाटेल. परंतु ज्या मोटारीवर हे डांबर उडते तिच्याचसाठी ते सर्रास रस्त्यावर आले, आणि ते पुसून काढण्याची विद्या साध्य होईपर्यंत मोटारीचा रंग तीन-चार वेळा मुळापासून बदलला. एवढा जुना हा संसार आहे. त्याची हकीकत सांगण्याजोगी आहे.

प्रारंभी शब्दाचा थोडा खुलासा केला पाहिजे. मराठीत डांबर हे एकच नाव दोन निरनिराळ्या पदार्थांना आहे. एक दगडी कोळशाचे डांबर. कोळसा बंद भट्टीत तापवून त्याचा जळाऊ वायू काढला म्हणजे त्या वायूबरोबर जो काळा, उग्र वासाचा, पातळसर चिकटा निघतो तो हा. कपड्यांच्या पेटीत आपण ठेवतो त्या डांबराच्या गोळ्या मूळच्या याच डांबरातून निघाल्या, म्हणून त्यांना ते नाव. दुसरे डांबर म्हणजे खनिज तेलातून पेट्रोल, रॉकेल वगैरे उडवून घेतल्यावर तळाशी राहणारा घट्ट गाळ. अभियंते त्यास बिट्युमेन म्हणतात. रस्त्यावर आज दिसते ते बहुतेक या दुसऱ्या जातीचे. परंतु प्रथम आले ते पहिले, आणि मोटारीच्या रंगाशी त्याचे वैर अधिक कडवे होते. लबाड माणसाला आपण डांबरट म्हणतो. त्या शब्दाची व्युत्पत्ती काहीही असो; एकदा अंगाला लागल्यावर सुटावयाचे नाही, हा गुण दोघांत सारखा आहे.

विसावे शतक उजाडले तेव्हा युरोपातील उत्तम रस्ता म्हणजे खडीचा रस्ता. स्कॉटलंडच्या जॉन लाउडन मॅकॅडम या गृहस्थाने १८१६ साली ब्रिस्टलच्या रस्त्यांची व्यवस्था हाती घेतली आणि सहा औंसांहून जड नसलेल्या, हाताने फोडलेल्या खडीचे थर एकावर एक दाबून पक्का रस्ता होतो हे दाखवून दिले. त्याच्या नावावरून अशा रस्त्यास मॅकॅडम म्हणू लागले. गंमत अशी की या मॅकॅडमचा डांबराशी ऐन उमेदीतच संबंध आला होता. लॉर्ड डन्डोनाल्ड यांनी १७८१ साली कोळशापासून डांबर काढण्याचे पेटंट मिळविले, आणि त्यांच्या स्कॉटलंडमधील डांबराच्या भट्ट्यांच्या व्यवहारात मॅकॅडम गुंतलेला होता. ते डांबर लाकडी जहाजांच्या बुडाला फासावयाचे असे. हे रस्त्यावर ओतावे, हे त्यास सुचले नाही; सुचण्याचे कारणही नव्हते. घोड्यांचे नाल आणि गाड्यांच्या लोखंडी धावा खडीचे जे पीठ करीत, तेच पीठ पावसाने भिजून खडीच्या सांध्यांत बसे आणि रस्ता घट्ट करी. घोडा रस्ता झिजवी आणि घोडाच तो सांधी, असे म्हणावयास हरकत नाही.

हा सलोखा मोटारीने मोडला. तिचे रबरी चाक खडी भरडीत नसे. पण वेगाने जाताना ते सांध्यांतले बारीक पीठ शोषून वर उडवी. दगड मोकळे पडत, पीठ वाऱ्यावर जाई. इंग्लंडात १९०३ च्या कायद्याने मोटारीला ताशी वीस मैलांची मुभा मिळाली आणि रस्त्याकाठची कुंपणे, बागा, वाळत घातलेले कपडे पांढरे होऊ लागले. मोटार त्या वेळी मूठभर श्रीमंतांची होती आणि धूळ मात्र सर्वांची. मोटारींविषयी खेड्यापाड्यांत त्या काळी जो राग होता त्याची कारणे वेगाच्या भयात शोधण्याचा प्रघात आहे. माझ्या मते त्यातला निम्माअधिक राग निव्वळ धुळीचा होता.

तोडगा निघाला तो एका डॉक्टराकडून. अर्नेस्ट गुलिएल्मिनेत्ती हे मूळचे स्वित्झर्लंडचे. डच सरकारच्या नोकरीत जावा-सुमात्रात राहिलेले आणि पुढे मोनॅकोत वैद्यकी करणारे. मोनॅकोस हवा पालटण्यासाठी येणाऱ्या धनिकांची फुफ्फुसे त्यांच्याच मोटारींच्या धुळीने भरत होती. १९०२ साली या डॉक्टरांनी तेथल्या रस्त्याच्या एका तुकड्यावर ऊन ऊन डांबर पसरून पाहिले. धूळ बसली. लोकांनी त्यांचे नावच डॉक्टर गुद्रों ठेवले. फ्रेंच भाषेत गुद्रों म्हणजे डांबर.

त्याच सुमारास इंग्लंडातील नॉटिंगहॅमशायरचे सर्वेक्षक एडगर पर्नेल हूली यांस डर्बीशायरमध्ये डेन्बीच्या लोखंडाच्या कारखान्याजवळ रस्त्याचा एक तुकडा आढळला. त्यावर धूळ नव्हती, चाकोऱ्या नव्हत्या. चौकशी केली तेव्हा कळले की गाडीवरून डांबराचे पिंप पडून फुटले होते आणि ती घाण झाकण्यासाठी कोणी भट्टीतली मळी त्यावर टाकली होती. हूली यांनी १९०२ साली पेटंट घेतले आणि नॉटिंगहॅमच्या रॅडक्लिफ रस्त्यावर या नव्या मिश्रणाचा प्रयोग केला. टारमॅक हा शब्द तेव्हापासूनचा. हूली अभियंते चांगले, व्यापारी बेताचे. त्यांची कंपनी १९०५ साली पोलादाचे कारखानदार सर आल्फ्रेड हिकमन यांच्याकडे गेली. १९०८ साली पॅरिसला पहिली आंतरराष्ट्रीय रस्ते परिषद भरली तेव्हा धूळ आणि डांबर हेच तिच्यापुढील मोठे प्रश्न होते.

धूळ गेली, तक्रारी राहिल्या, केवळ त्यांचा रंग बदलला. पूर्वी कपडे पांढरे होत, आता स्त्रियांच्या झग्यांच्या काठांना काळे ठिपके पडू लागले. गळ टाकून मासे धरणाऱ्यांनी ओरड केली की डांबरी रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्याने ओढ्यातले मासे मरतात. ही ओरड खोटी नव्हती. पुढे संशोधकांनी तपास केला तेव्हा कोळशाच्या डांबरातील काही द्रव्ये माशांना विषारी असल्याचे दिसून आले. आणि मोटारवाल्यांची तक्रार? ती अर्थातच रंगाची.

त्या वेळच्या मोटारीचा रंग ही आजच्यासारखी काही तासांची बाब नव्हती. घोड्याच्या बग्ग्या रंगविणारे कारागीरच मोटारी रंगवीत. सफेत्याचे अस्तर, त्यावर प्युमिस दगडाने घासणे, पुन्हा अस्तर, पुन्हा घासणे, मग तैलरंगाचे हात आणि शेवटी राळ व जवसाचे तेल यांच्या वार्निशाचे थर. प्रत्येक थर हवेवर सुकावयाचा. एक गाडी रंगवून बाहेर पडावयास कित्येक आठवडे लागत. वार्निश आरशासारखे चमके, पण ते मऊ असे. त्यावर कोळशाचे डांबर उडाले की त्यातील तेले हळूहळू वार्निशात झिरपत, आणि चार दिवसांनी वरचा काळा थेंब काढला तरी खाली तपकिरी डाग राहून जाई. कपडा असो की मोटार, जुना उपाय एकच: ठिपक्याला लोणी किंवा चरबी चोळून ठेवावी, तो मऊ झाला की अलगद टिपून घ्यावा.

आपल्याकडेही आयांना हे ठाऊक असे. अनवाणी पायांनी नव्या डांबरावरून आलेल्या मुलाच्या तळव्याला गोडेतेल किंवा खोबरेल चोळावयाचे. नाहीच भागले तर घासलेटाची चिंधी. तत्त्व साधे आहे. डांबर पाण्याला परके आहे, तेलाला सोयरे आहे. तेल त्याच्यात शिरते, त्याला पातळ करते, मग ते आपली पकड सोडते. घासण्याची मुळीच गरज नसते. उलट घासणे घातक, कारण प्रत्येक ठिपक्याच्या पोटात रस्त्याची बारीक कच दडलेली असते आणि ती रंगावर ओरखडे काढते. मोटार पुसणारे शेकडा नव्वद लोक आजही चुकतात ते येथे. त्यांना थांबवत नाही.

तेलाहून जलद काम करणारी द्रव्ये कोठून आली, ते पाहिले तर थोडे आश्चर्य वाटते. ती त्याच पिंपातून आली. लंडनमध्ये चार्ल्स मॅन्सफील्ड या तरुण रसायनशास्त्रज्ञाने १८४० नंतरच्या दशकात कोळशाच्या डांबराचे उकळबिंदूंप्रमाणे भाग पाडण्याची रीत बसविली आणि त्यातून बेंझिन वेगळे केले. हे पाण्यासारखे स्वच्छ द्रव्य चरबीचे आणि डांबराचे डाग क्षणात उचलते, हे लौकरच ध्यानात आले. पॅरिसला ते डाग काढण्याचे औषध म्हणून बाटल्यांतून विकलेही जाऊ लागले. ज्याने डाग पाडावा त्याच्याच पोटातून त्याचा काळ निघावा, यास आपण काट्याने काटा काढणे म्हणतो. मॅन्सफील्डला मात्र तो काटा फार महाग पडला. १८५५ च्या फेब्रुवारीत, पॅरिसच्या प्रदर्शनासाठी नमुने तयार करीत असताना भट्टीवरचे पात्र उतू जाऊन पेटले. घराला आग लागू नये म्हणून त्याने ते जळते पात्र हातांनी उचलून रस्त्यावर नेले आणि त्या भाजण्याने काही दिवसांतच त्याचा अंत झाला. वय अवघे पस्तीस. पुढच्याच वर्षी, १८५६ साली, अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनने डांबरापासूनच मिळालेल्या द्रव्यातून जांभळा रंग तयार केला आणि त्याचे नाव जगभर झाले. मॅन्सफील्डचे नाव पुस्तकांच्या तळटीपांत राहिले.

आता पुन्हा मोटारीकडे. हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळे, हे पुष्कळांस ठाऊक असते. तो काळा रंग जपान ब्लॅक जातीचा, भट्टीत भाजून बसविलेला. त्यात एक मुख्य घटक होता तो गिल्सोनाइट, म्हणजे अमेरिकेतील युटा प्रांतात खाणीतून निघणारे एक नैसर्गिक डांबर! जवसाच्या तेलात शिजवून आणि भाजून तेच डांबर गाडीचे रोगण झाले होते. डांबराचा ठिपका अशा गाडीवर उडाला तर तो दिसणार कसा? लाखो मॉडेल टी गाड्यांच्या धन्यांना या प्रश्नाने कधी सतावले नसेल.

रंगीत गाड्या सर्वांच्या आवाक्यात आल्या त्या १९२३ नंतर. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीपाशी स्फोटक कापूस, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, तयार करण्याचे प्रचंड साधन रिकामे पडले होते. कापसावर नत्राम्लाची क्रिया करून होणारा हा पदार्थ योग्य द्रावकात विरघळवून फवारला तर काही तासांत वाळतो, असे दिसून आले. ड्यूको नावाचे हे लाखेसारखे रोगण जनरल मोटर्सच्या ओकलंड गाडीवर निळ्या रंगात प्रथम लोकांपुढे आले. आठवड्यांचे काम तासांवर आले. आपल्याकडचे रंगारी आणि सुतारदेखील कोणत्याही फवारलेल्या गुळगुळीत रंगाला ड्यूको म्हणतात ते यावरूनच. अनेकांना ते एका कंपनीचे नाव होते याची गंधवार्ताही नसते.

आणि येथेच डाग काढणाऱ्याची पंचाईत सुरू झाली. जुने वार्निश वाळे ते हवेतला प्राणवायू घेऊन. एकदा वाळल्यावर ते पुन्हा विरघळत नसे, फार तर मऊ पडे. ड्यूको वाळे ते नुसता द्रावक उडून गेल्यामुळे. म्हणजे त्याच जातीचा द्रावक पुन्हा लावला की रोगण पुन्हा पातळ! ज्याला कारागीर थिनर म्हणतात त्याची चिंधी डांबरावर फिरविली तर डांबर निघे आणि खालचा रंगही निघे. बेंझिनही अशा रंगाला फुगवून मऊ करी. त्यामुळे डांबराला पुरेसे आणि रंगाला अपुरे असे मधले औषध शोधणे भाग पडले. टर्पेंटाइन, रॉकेल आणि खनिज तेलापासून काढलेले तत्सम सौम्य द्रव यांच्यावर मदार आली ती अशी. बाजारात आज डांबर काढण्याचे म्हणून जे डबे मिळतात त्यांत बहुधा याच कुळातली द्रव्ये असतात. पुढे १९३० नंतर अल्किड एनॅमल, १९५० नंतर ॲक्रिलिक आणि आणखी पुढे रंगावर पारदर्शक थर चढविण्याची रीत आली. आजचा तो वरचा थर ड्यूकोपेक्षा पुष्कळ सोशीक आहे. तरी डांबर आठवडाभर उन्हात भाजू देऊ नये. थंड पत्र्यावर, सावलीत, चिंधी भिजवून ठिपक्यावर थोडा वेळ नुसती ठेवावी, टिपावे, मग साबणाने धुऊन पुन्हा मेण चढवावे. सौम्य द्रवानेही मेणाचा थर जातोच.

आपल्या देशात हा इतिहास निराळ्या वळणाने आला. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले. परंतु शहर सोडले की रस्ता म्हणजे मुरूम आणि खडी. तिचा शत्रू मोटारीइतकीच बैलगाडी. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव अरुंद असते, भार सारा त्या दोन बोटांच्या पट्टीवर येतो आणि रस्ता सुरीने कापल्यासारखा कापला जातो. मुंबई–आग्रा रस्त्याने इंदूर-ग्वाल्हेरकडे जाणाऱ्यांनी किंवा पुण्याहून बेळगावकडे उतरणाऱ्यांनी दोन्हींचा प्रसाद घेतला: धाव रस्ता फोडी आणि मोटार तो हवेत उडवी. १९२७ साली सरकारने रस्त्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. ज्यांचे नाव आज पुणे विद्यापीठाच्या ग्रंथालयाला आहे तेच हे जयकर. १९२८ च्या अहवालात त्यांनी पेट्रोलवर जादा कर बसवून तो पैसा रस्त्यांसाठी वेगळा ठेवावा अशी शिफारस केली, १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी स्थापन झाला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. म्हणजे पेट्रोल जाळणाऱ्यानेच रस्त्याला पैसा पुरवावयाचा. जयकरांना आपण कायदेपंडित आणि विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून आठवतो; आपल्या डांबरी रस्त्यांच्या जमाखर्चाचे पहिले पान त्यांचे आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

येथले डांबर पुढे बहुतांशी तेलाचे, बिट्युमेन जातीचे. ते थंडपणी इतके घट्ट असते की फवारता येत नाही. तेव्हा एक तर ते खूप तापवावे लागते, किंवा पाण्यात त्याचे दुधासारखे मिश्रण करावे लागते, नाहीतर त्यात रॉकेलासारखे तेल मिसळून ते पातळ करावे लागते. या तिसऱ्या प्रकाराला कटबॅक म्हणतात. त्यातले तेल उडून जाईपर्यंत रस्ता ओला राहतो आणि मोटारीच्या अंगावर ठिपके उडतात ते विशेषेकरून याच अवधीत. गॅसलाइट शब्दाचे आपण घासलेट केले. तेच घासलेट अभियंता डांबर पसरावे म्हणून त्यात घालतो आणि मोटारीचा क्लीनर डांबर सुटावे म्हणून चिंधीवर घेतो.

त्या क्लीनरच्या हातांविषयी आता बोलले पाहिजे. रंगाला कोणते द्रव सोसते याचा विचार कारखान्यांनी लौकर केला. कातडीला कोणते सोसते याचा विचार उशिरा झाला. लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली धुराडी साफ करणाऱ्यांना काजळीमुळे कर्करोग होतो असे लिहून ठेवले होते. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना महिनोन् महिने कोळशाचे डांबर चोळून तो रोग प्रत्यक्ष उत्पन्न करून दाखविला. लंडनमध्ये केनावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन टन डांबरी गाळ गाळून त्यातून १९३३ साली बेंझोपायरीन हे मूळ विष वेगळे केले. हाती आले ते काही ग्रॅम पिवळे स्फटिक. डाग क्षणात उचलणारे ते स्वच्छ बेंझिनही रक्त बिघडविते, पांढऱ्या पेशींचा कर्करोग आणते, हे पुढे सिद्ध झाले आणि घरगुती डाग काढण्याच्या बाटल्यांतून ते हद्दपार झाले. इंग्लंडात १९६७ ते १९७७ या दशकात समुद्रातील नैसर्गिक वायू घरोघर आला, कोळशाचे गॅस कारखाने बंद पडले आणि रस्त्यावरचे कोळशाचे डांबरही त्यांच्याबरोबर जवळजवळ संपले. बिट्युमेनमध्ये ते विष फार थोडे असते. तरी तापविलेल्या बिट्युमेनचा धूर निर्धोक मानला जात नाही.

आपल्याकडे रस्त्याचे काम चालू असते तेथे हे माणसांच्या अंगावर दिसते. पायांना तरटाचे तुकडे सुतळीने गुंडाळलेले, कधी त्यांवर मोटारीच्याच जुन्या रबराचे तळवे बांधलेले, हातात झारी किंवा पाटी, आणि शेजारी पिंपाखाली लाकडे पेटलेली. पुष्कळदा नवरा-बायको दोघेही कामावर असतात आणि मूल कडेच्या झाडाला बांधलेल्या झोळीत. संध्याकाळी काम सुटले की रुळाच्या टाकीतले थोडे डिझेल डब्यात काढून घेतात आणि त्यात बुडविलेल्या चिंधीने कोपरापर्यंतचे डांबर पुसून काढतात. मग माती, मग पाणी आणि असला तर साबण.